रविवारी पक्षी बघायला कुठे जायचे?

मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस खुले पत्र

महोदय,

मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबरचा आणि डॉ. सलीम अली यांचा १२ नोव्हेंबरचा. या दोन तारखांमधले दिवस ‘पक्षी सप्ताह’ म्हणून पाळायचे, असे महाराष्ट्र शासनाने २०२० साली ठरवले. निर्णय मोलाचा होता. तेव्हापासून शाळांमधून चित्रकला स्पर्धा होतात, वनविभागाच्या कार्यालयांत व्याख्याने होतात, पाणवठ्यांवर फेऱ्या निघतात. मग १३ तारीख उजाडते. स्पर्धेत बक्षीस मिळवलेल्या एखाद्या मुलीचे वडील, हिंगोलीचे म्हणा किंवा जतचे म्हणा, विचारतात, ‘येत्या रविवारी हिला खरेखुरे पक्षी दाखवायचे आहेत. कुठे नेऊ? ओळखून दाखवणारे कुणी बरोबर येईल का?’ या साध्या प्रश्नाचे उत्तर त्यांना मराठीत, एका जागी, आजही मिळत नाही.

त्यासाठीच हे पत्र.

राज्यात माहितीची वानवा आहे, असे मुळीच नाही. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ पासून मुंबईत उभी आहे आणि तिच्या निसर्गफेऱ्यांना मोठी परंपरा आहे. पहिले पक्षिमित्र संमेलन १९८१ साली लोणावळ्याला भरले. महाराष्ट्र पक्षिमित्र संघटना आजही वेगवेगळ्या गावी संमेलने भरवते. चिपळूणला सह्याद्री निसर्ग मित्र आहे, गोंदियाला ‘सेवा’ आहे, नाशिकला नेचर कॉन्झर्वेशन सोसायटी आहे. दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, फेब्रुवारीत ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’चे चार दिवस असतात. राज्यात साडेपाचशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद झालेली आहे आणि त्यातल्या बहुतेक नोंदी पदरमोड करून, पहाटे उठून, वर्षानुवर्षे फिरलेल्या हौशी माणसांच्या आहेत.

पण हे सगळे ज्ञान ओळखीपाळखीने फिरते. पुण्यात, मुंबईत, नाशकात किंवा नागपुरात राहणाऱ्याला कुणीतरी एखाद्या व्हॉट्सअॅप गटात घेते. तिथे शुक्रवारी रात्री निरोप येतो, की रविवारी सकाळी साडेसहाला पाषाण तलाव, किंवा भांडुप पंपिंग स्टेशन, किंवा गोरेवाडा. निरोप बहुधा इंग्रजीत, पक्ष्यांची नावे इंग्रजीत, जागेची खूणही ‘मागच्या वेळी उभे होतो तिथे’ अशी. गटाबाहेरच्या माणसाला त्यातले काहीच कळत नाही. ज्याचा कुणी ओळखीचा नाही, ज्याच्या तालुक्यात असा गटच नाही, त्याच्यापुढे एकच वाट उरते, ती म्हणजे खासगी सहल. ती अनेकदा महागडी आणि मोठ्या कॅमेऱ्यांच्या सोयीने आखलेली असते. नव्याने दुर्बीण हातात घेणाऱ्या सातवीतल्या मुलाला तिथे जागा कुठली?

म्हणून मागणी अगदी सरळ आहे. वनविभागाने राज्याच्या छत्तीसही जिल्ह्यांची पक्षिदर्शिका मराठीत काढावी. कोणत्या महिन्यात, कोणत्या पाण्यावर किंवा माळावर काय दिसते, तिथे एसटीने कसे पोहोचायचे, आणि त्या महिन्यात कोणत्या रविवारी कोण फेरी काढणार आहे, एवढे त्यात असावे. ती दर महिन्याला ताजी व्हावी. तालुक्याच्या वनपरिक्षेत्र कार्यालयाबाहेर, ग्रामपंचायतीत आणि एसटी स्थानकावर ती लागावी.

ताजी व्हावी, यावर भर देण्याचे कारण उजनीवर गेलेल्या कुणालाही ठाऊक असते. भिगवणजवळचा उजनीचा फुगवटा रोहित पक्ष्यांसाठी, म्हणजे फ्लेमिंगोंसाठी, प्रसिद्ध आहे. ‘नोव्हेंबर ते मार्च’ असे ठोकळेबाज वाक्य सगळीकडे छापलेले सापडते. ते वाचून लोक दिवाळीच्या सुट्टीत मुलाबाळांना घेऊन येतात आणि समोर काठोकाठ भरलेले धरण बघून परततात. रोहित पक्ष्याला खोल पाणी नको असते. चोच उलटी धरून चिखल गाळत तो खातो, त्याला उथळ काठ हवा असतो. धरणातले पाणी सोडले जाऊ लागले, डिसेंबर-जानेवारीत काठाचा गाळ उघडा पडला, की मग थवे उतरतात. पाऊस भरपूर झालेल्या वर्षी त्यांना आणखी उशीर होतो. कुंभारगावच्या नावाड्याला हे पाण्याकडे एक नजर टाकून कळते. छापील माहितीपत्रकाला ते कधीच कळणार नाही, कारण ते लिहिणाऱ्याने नावाड्याला विचारलेलेच नसते.

हा नावाडी नुसता बघण्यासारखा असतो. पहाटे उजाडता उजाडता तो होडी काढतो. थवा दिसू लागला की इंजिन बंद करतो आणि लांब बांबू तळाला टेकवून होडी हळूहळू सरकवतो, कारण तिथे पाणी जेमतेम गुडघाभर असते. कडेच्या दोन-चार पक्ष्यांनी खाणे थांबवून माना वर केल्या, की तोही हात थांबवतो. आणखी दहा हात पुढे गेले तर अख्खा थवा उठेल आणि मग दिवसभर लांबच बसेल, हे त्याला ठाऊक असते. होडीतल्या कुणी ‘जरा जवळ घ्या की’ म्हटले तरी तो बांबू उचलत नाही. परतीच्या वाटेवर तो पट्टकादंबांचा थवा दाखवतो. हिमालय ओलांडून आलेली ती बदकापेक्षा मोठी, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेली हंसकुळातली पाखरे तो ‘राजहंस’ म्हणून ओळखतो आणि ती कोणत्या बाजूच्या गव्हात उतरतात हेही सांगतो. पिढीजात मासेमारी करणाऱ्या या माणसांनी स्वतःच्या हिमतीवर हा जोडधंदा उभा केला. पक्षिदर्शिकेत पहिले नाव यायचे असेल, तर अशा माणसांचे यायला हवे.

ठाण्याच्या खाडीचा हिशेब पुन्हा निराळा आहे. २०१५ साली तिथे फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झाले आणि २०२२ साली ही खाडी आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेली. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोटी सुटतात, पण त्या भरतीच्या वेळेवर अवलंबून असतात. ओहोटीला बोट चालण्याइतके पाणी नसते आणि पक्षी पसरलेल्या चिखलावर दूरवर विखुरतात. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे ‘सकाळी सात वाजता या’ असे महिनाभरासाठी सांगताच येत नाही. ऐरोलीला लोकल जाते, त्यामुळे ठाणे, डोंबिवली, पनवेलच्या माणसाला ही सर्वांत सोयीची जागा. फक्त भरतीचे तक्ते मराठीत, महिन्याच्या सुरुवातीला, रेल्वे स्थानकावर लागले तर किती कुटुंबांची खेप वाचेल!

नांदूर मध्यमेश्वरचे काम त्या मानाने नीट बसलेले आहे आणि त्याचे श्रेय वनविभागाला द्यायलाच हवे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळात बंधारा झाला, त्यामागे गाळ साचत गेला आणि त्या उथळ पाण्यात पक्ष्यांचे राज्य वसले. जानेवारी २०२० मध्ये हे महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ ठरले. चापडगावच्या बाजूला निरीक्षण मनोरे आहेत, गावातलीच मुले गाइड म्हणून तयार झाली आहेत. थापट्या, चक्रवाक, चमचा, जांभळी पाणकोंबडी हे सगळे ती मराठी नावांनी दाखवतात, आणि दलदली भोवत्या पाण्यावरून घिरटी घालू लागला की बदके एकदम का उडाली हेही समजावून देतात. निफाड तालुक्यात जे जमले ते पैठणच्या नाथसागरावर, जळगावच्या हतनूरला, सोलापूरच्या हिप्परग्याला किंवा खटाव तालुक्यातल्या मायणी-येरळवाडीला का जमू नये?

शिवाय जागा म्हणजे अभयारण्यच, हा समज या दर्शिकेने मोडायला हवा. १९७२च्या दुष्काळापासून पुढे रोजगार हमीच्या कामांतून राज्यभर पाझर तलाव झाले. मराठवाड्यात आणि माणदेशात तर गावोगावी आहेत. हिवाळ्यात यातल्या कित्येक तलावांवर बदके उतरतात, काठच्या चिखलात शेकाट्या आणि तुतवार फिरतात, बाभळीवर खाटीक बसलेला असतो. त्यांची नोंद कुठेही नाही, कारण तिथे कुणी दुर्बीण घेऊन गेलेलेच नाही. ज्वारीच्या दिवसांत भोरड्यांचे थवे राखणदारांच्या नाकी नऊ आणतात हे प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. तेच थवे संध्याकाळी मुक्कामाच्या झाडांवर उतरण्याआधी आभाळात जे वळसे घेतात ते बघायला तिकीट लागत नाही. हिंगोलीच्या त्या मुलीसाठी पहिली जागा हीच असावी, घरापासून सायकलवर जाण्याइतकी जवळची.

बारा महिन्यांपैकी हिवाळ्याचीच चर्चा होते, हेही चुकीचे आहे. एप्रिल-मेमध्ये सिंहगडाच्या पायथ्याच्या झाडीत स्वर्गीय नर्तकाची लांब पांढरी शेपटी फिरताना दिसते. पावसाच्या तोंडावर चातक येतो, पावशा ओरडू लागतो, कोकणात आणि घाटमाथ्यावर नवरंगाची दोन सुरांची शीळ ऐकू येते. श्रावणात विहिरीवर वाकलेल्या फांद्यांना सुगरणीचे खोपे लटकतात. भातखाचरांच्या गोंदिया जिल्ह्यात याच काळात सारस घरटे करतो. शाळा जूनमध्ये सुरू होतात आणि पक्षी सप्ताह नोव्हेंबरमध्ये येतो. मधले पाच महिने मुलांनी डोळे मिटून बसायचे का?

माळरानांबद्दल मात्र दर्शिकेने खरे बोलावे. नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ सालचे. आजही कित्येक पर्यटन पत्रकांत तिथे माळढोक दिसेल असा थाटाचा मजकूर असतो. प्रत्यक्षात महाराष्ट्रात माळढोक दिसणे अत्यंत दुर्मिळ झाले आहे, आणि त्या आशेने गेलेला माणूस ‘काहीच दिसले नाही’ म्हणत परततो. त्याला नान्नजचा माळ भोवत्यांसाठी, चंडोलांसाठी, धाविकासाठी, काळविटांसाठी बघा असे आधी सांगितले असते, तर तो समाधानाने परतला असता, आणि माळढोक का गेला हा प्रश्नही त्याने विचारला असता. पुणे वनविभागाने इंदापूरच्या कडबनवाडीला आणि बारामतीच्या शिरसुफळला गवताळ माळांची सफारी सुरू केली आहे. स्थानिक तरुण तिथे वाटाडे आहेत. कालपर्यंत ‘पडीक’ म्हणून हिणवल्या गेलेल्या जमिनीला मिळालेला हा मान राज्यभरच्या माळांना मिळावा.

एक आक्षेप येईल, आणि तो जुन्याजाणत्या पक्षिमित्रांकडूनच येईल. जागा जाहीर केल्या की गर्दी होते, घरट्यांना उपद्रव होतो, म्हणून गप्प राहिलेले बरे, असे ते म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. रानपिंगळ्याचे उदाहरण घ्या. १८८४ नंतर हा पक्षी कुणाला दिसला नव्हता. तब्बल ११३ वर्षांनी, नोव्हेंबर १९९७ मध्ये, शहाद्याजवळच्या जंगलात तो पुन्हा सापडला आणि जगभरचे लक्ष सातपुड्याकडे वळले. पुढे मेळघाटात तो बऱ्यापैकी आढळला, २०१४ साली तर मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तानसा अभयारण्यातही दिसला. अशा पक्ष्याच्या झाडाचा पत्ता वाटू लागलो, तर मोबाइलवर त्याचाच आवाज वाजवून त्याला फोटोसाठी बाहेर ओढणारे लोक दुसऱ्या दिवशी हजर होतात. प्रतिस्पर्धी आला असे समजून तो बिचारा पुन्हा पुन्हा उत्तर देत राहतो, आणि ऐन विणीत त्याची ताकद त्यात खर्ची पडते.

म्हणून दर्शिकेत घरट्यांची आणि घुबडांच्या ढोल्यांची ठिकाणे कधीही येऊ नयेत. आवाज वाजवून पक्षी बोलावणे सर्व अभयारण्यांत बंद असावे आणि तशी पाटी मराठीत, प्रवेशद्वारावरच असावी. पण तलाव, खाडी आणि माळ यांना हा नियम लावणे अनाठायी आहे. ज्या पाणथळीकडे कुणी पाहत नाही ती बुजवली जाते तेव्हा ओरडणाराही कुणी नसतो. नेरूळच्या तलावात भरतीचे पाणी येईनासे झाले, २०२४ साली तिथे रोहित मरून पडले, तेव्हा आवाज उठवला तो रोज सकाळी त्या काठावर जाणाऱ्या नागरिकांनी. पुण्याच्या कवडी पाटावर जलपर्णी आणि सांडपाण्याविरुद्ध बोलणारे लोकही रविवारी तिथे बदके मोजायला जाणारेच आहेत. गोंदियाचे सारस टिकवण्यासाठी शेतकरी खाचरातल्या घरट्याभोवतीचा तुकडा शाबूत ठेवतात. स्वयंसेवक दर वर्षी तळ्यातळ्यांवर जाऊन गणना करतात, शेतकऱ्यांशी बोलत राहतात, म्हणून हे घडते.

केरळकडे बघावे. २०१५ ते २०२० या काळात तिथल्या हजाराहून अधिक स्वयंसेवकांनी अख्ख्या राज्याचे चौकोन पाडून, पावसाळ्यात एकदा आणि उन्हाळ्याच्या आधी एकदा, ठरलेल्या जागी जाऊन पक्षी मोजले. सुमारे ३ लाख नोंदी झाल्या आणि राज्याच्या पक्ष्यांचा नकाशासंग्रह तयार झाला. त्यात शिक्षक होते, विद्यार्थी होते, नोकरदार होते. कुणाच्या गावात कोणता पक्षी कमी होतो आहे, हे सांगायला आता त्यांच्याकडे आधार आहे. महाराष्ट्राजवळ माणसे कमी नाहीत, पण त्यांना एकमेकांचा पत्ता नाही.

हे करायला नवे महामंडळ नको, मोठा निधीही नको. ताडोब्याच्या सफारीसाठी घरबसल्या तारीख, प्रवेशद्वार आणि वेळ निवडता येते. वाघासाठी जमलेली व्यवस्था टिटवीसाठी जमणार नाही, असे कसे म्हणता येईल? सामाजिक वनीकरण विभाग जिल्ह्याजिल्ह्यात आहे, शाळांमधून राष्ट्रीय हरित सेना आहे. जैवविविधता कायद्यानुसार ग्रामपंचायतींनी लोकजैवविविधता नोंदवह्या करायच्या आहेत. त्यातल्या पक्ष्यांच्या याद्या गावातल्या जाणकार गुराख्याला, कोळ्याला, पारध्याला विचारून भरल्या, तर दर्शिकेचा निम्मा मजकूर तिथेच तयार होतो. प्रत्येक वनपरिक्षेत्र कार्यालयात आठ बाय चाळीसच्या दहा दुर्बिणी ठेवाव्यात आणि शाळांना त्या अनामत घेऊन द्याव्यात. दुर्बीण नाही म्हणून घरी बसलेली मुले शेकड्यांनी आहेत.

आणखी दोन छोट्या गोष्टी. पक्षी बघण्याची खरी वेळ उजाडल्यापासून नऊपर्यंतची. अभयारण्याचे दार आणि तिकीट खिडकी त्याआधी उघडी हवी. तिकीट देणारा कर्मचारी आठला येत असेल, तर पुढचा सगळा बेत बिघडतो. आणि पक्षी सप्ताहात तरी परिवहन खात्याशी बोलून निफाड, पैठण, इंदापूर, अर्जुनी मोरगाव अशा ठिकाणी पहाटेची एक एसटी सोडावी. स्वतःची गाडी असलेल्यांसाठीच पक्षी उरले, तर या राज्यात पक्षिप्रेम कधीच लोकांचे होणार नाही. हरियाल हा आपला राज्यपक्षी आहे. तो वडा-पिंपळाच्या शेंड्यावर बसतो, पानांत सहज मिसळून जातो. तो किती मुलांनी प्रत्यक्ष पाहिला आहे, हे एकदा कुठल्याही शाळेच्या वर्गात जाऊन विचारावे.

महोदय, पहिली पक्षिदर्शिका सगळ्या राज्याची एकदम निघाली नाही तरी चालेल. पाच जिल्हे निवडा, आणि त्यांत पुणे-मुंबई नको. हिंगोली, वाशीम, नंदुरबार, सांगली, गोंदिया घ्या. तिथल्या पक्षिमित्रांना, नावाड्यांना, शिक्षकांना एका टेबलाभोवती बसवा, आणि येत्या ५ नोव्हेंबरला ही दर्शिका आपल्या हस्ते प्रसिद्ध करा. फेऱ्या काढायला, मुलांना दुर्बीण धरायला शिकवायला, चुका दुरुस्त करून द्यायला राज्यभरचे पक्षिमित्र विनामोबदला येतील. त्यांना फक्त आपल्या विभागाकडून बोलावणे हवे आहे.

कळावे,
आपला,
एक पक्षिमित्र